कुठल्या ग्रहावरून आला हा?

पावसाळा सरत आला होता आणि कोल्हापुरातल्या एका मैदानावर पोरांची फुटबॉलची निवड चाचणी होती. भाच्याला घेऊन मी गेले होते. मैदान अजून ओलं होतं, गोलपोस्टपुढचा चिखल बुटांनी मळून मळून काळा झालेला, आणि पायऱ्यांवर पालकांबरोबर शेंगा फोडत बसलेल्या जुन्या खेळाडूंची गर्दी. मैदानातल्या एका पोराचे गुडघे आतल्या बाजूला वळलेले होते. धावताना ते एकमेकांना घासतात की काय, असं बघणाऱ्याला वाटायचं. पण चेंडू त्याच्या पायाला चिकटून असायचा. प्रशिक्षकांनी त्याला थोडा वेळ खेळवलं, मग बाजूला बोलावलं, त्याच्या पायांकडं बघत काहीतरी सांगितलं आणि पाठीवर थाप मारून बाहेर पाठवलं. पोरगं येऊन आमच्या खालच्या पायरीवर बसलं, बूट काढले, एक काडी शोधली आणि तळाच्या स्टडमधला चिखल उकरू लागलं. एक स्टड साफ झाला की दुसरा. शेजारी आमच्या पेठेतले एक जुने खेळाडू बसले होते, सगळे त्यांना मामाच म्हणतात. ते त्याला म्हणाले, "काय झालं बाळा? पाय बघून काढलं व्हय? गॅरिंचा ठाव हाय का तुला? ब्राझीलचा. त्येचं पाय तुझ्यापरास वाकडं हुतं. दोन वर्ल्ड कप मारलं गड्यानं!" पोरानं मान वर केली. "मग? पुढं काय झालं त्येचं?" मामा म्हणाले, "पुढं काय हुतंय? जगात नाव झालं की!" तेवढ्यात मैदानात कुणीतरी गोल मारला आणि मामा ओरडत उभे राहिले. पोरानं दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या, बूट गळ्यात अडकवले आणि अनवाणीच गेटकडं चालू लागलं.

मामा मायेनंच बोलले होते आणि खोटं काहीच बोलले नव्हते. पण त्या पोराचा प्रश्न माझा पिच्छा सोडेना. पुढं काय झालं त्याचं? पुढं जे झालं ते मला ठाऊक आहे आणि ते एखाद्या हिरमुसलेल्या पोराला पायरीवर बसून सांगण्यासारखं नाही. म्हणून गॅरिंचाची गोष्ट बहुतेक वेळा अर्ध्यावरच थांबते. वाकड्या पायांचा पोरगा, गरिबी, दोन वर्ल्ड कप, टाळ्या. ती तिथं थांबली की ऐकणाऱ्याला बरं वाटतं, सांगणाऱ्यालाही बरं वाटतं. पण ज्या माणसाला ब्राझीलनं 'लोकांचा आनंद' असं नाव दिलं, त्याची गोष्ट लोकांना बरं वाटेल तेवढीच सांगायची, हे मला आतून पटत नाही.

आमच्या घरात ब्राझील वडिलांमुळं आलं. वर्ल्ड कपच्या वर्षी आमच्याकडं पेठापेठांत भिंती रंगतात, चौकात मोठमोठे फलक लागतात, एका गल्लीत पिवळे झेंडे आणि पलीकडच्या गल्लीत निळे-पांढरे, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्या भिंतींवर मी पेले बघितलाय, मॅराडोना, रोनाल्डो, नेमार, मेस्सी बघितलाय. गॅरिंचा कधी बघितला नाही. वडील मात्र पेलेचं नाव निघालं की लगेच म्हणायचे, "आणि उजवीकडं गॅरिंचा." पेलेबद्दल बोलताना त्यांचा आवाज आदराचा असायचा. गॅरिंचाचं नाव घेताना ते हसायचे. नुसतं नाव घेतलं की हसायचे. ब्राझीलमध्येही असंच आहे, हे मला फार नंतर वाचनातून कळलं. पेलेला लोक मानतात, गॅरिंचावर जीव लावतात.

त्याचं खरं नाव मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. जन्म २८ ऑक्टोबर १९३३ चा, रिओच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाऊ ग्रांदे या गावातला. गाव कसलं, कापड गिरणीची वसाहतच ती. 'अमेरिका फॅब्रिल' ही गिरणी, तिच्याच मालकीची घरं, तिचीच शाळा, तिचंच चर्च आणि तिच्याच नावावर चालणारा फुटबॉल क्लब. हे वाचलं आणि तो माणूस मला एकदम जवळचा वाटायला लागला. माझे आजोबा कोल्हापूरच्या शाहू मिलमध्ये त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, होते. पाळी संपवून ते घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची पांढरी तूस बसलेली असायची आणि आजी त्यांना मोरीत जाऊ देण्याआधी दारातच टॉवेलनं झटकायची. त्यांना हळू बोलता यायचं नाही, साऱ्या आयुष्यभर यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलल्यामुळं. भोंग्यावर घर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. पाऊ ग्रांदेचा तो पोरगा चौदाव्या वर्षी गिरणीत लागला. कामाच्या नावानं शंख, सापडला तर कुठंतरी आडोशाला झोपलेला सापडायचा. त्याला कामावरून काढलंही होतं. पण गिरणीच्या टीमला उजव्या बगलेला तो हवा होता, म्हणून परत घेतलं. शेतात, ओढ्याकाठी पाखरं मारत हिंडणाऱ्या या पोराला मोठ्या बहिणीनं, रोझानं, तिकडच्या एका चिमुकल्या तपकिरी पाखराचं नाव दिलं होतं. गॅरिंचा. तेच पुढं जगभर गेलं.

आणि दारू. तीही वसाहतीतच होती. वडील गिरणीत पहारेकरी, जबरदस्त पिणारे. तिकडची गावठी दारू उसाची. त्या दारूत मध आणि दालचिनी घालून केलेलं पेय औषध म्हणून लहान पोरांनाही पाजायची रीत होती. उसाच्या मुलखात वाढलेल्या मला हे वाचताना कसंतरीच झालं, कारण 'औषध म्हणून' या दोन शब्दांनी आमच्याकडंही काय काय घरात शिरलेलं मी बघितलंय. त्याच्या आयुष्याचा शेवट ज्यानं केला ते त्याच्या पाळण्याशीच उभं होतं.

आता पाय. उजवा पाय आतल्या बाजूला वळलेला, डावा बाहेरच्या बाजूला, आणि वर एक पाय दुसऱ्यापेक्षा काही सेंटिमीटरनं आखूड. समोरून बघितलं की वाऱ्यानं एका अंगाला कललेल्या उसासारखे दोन्ही पाय एकाच दिशेला झुकलेले दिसतात. रिओच्या मोठ्या क्लबांच्या दारातून तो असाच परत आला. एका ठिकाणी बूट नेले नव्हते म्हणून, एका ठिकाणी संध्याकाळची गाडी चुकेल म्हणून चाचणी अर्धवट सोडून, असं सांगतात. शेवटी १९५३ मध्ये बोटाफोगोत चाचणी झाली. समोर डाव्या बगलेचा बचावपटू म्हणून उभा होता निल्टन सांतोस, ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचा, जगातल्या उत्तम बचावपटूंपैकी एक. या गिरणीतल्या पोराला तो कोण आहे याची काही पर्वा नव्हती. त्यानं निल्टनला हुलकावणी दिली. परत दिली. आणि निल्टन सांतोसनं क्लबच्या लोकांना सांगितलं, याला आजच घ्या, हा समोरच्या टीमकडून माझ्याविरुद्ध खेळायला लागला तर मला झोप लागायची नाही. निल्टनचं मला फार कौतुक वाटतं. सगळ्यांसमोर आपली फजिती करणाऱ्या पोराच्या पायांकडं त्यानं बघितलं आणि त्याला वाकडेपणा दिसला नाही, खेळ दिसला. अशी नजर असलेला माणूस योग्य वेळी मैदानावर हजर असणं, ही अर्धी नशिबाची गोष्ट असते. ज्यांच्या वाट्याला निल्टन सांतोस येत नाही त्यांची नावं आपल्याला कळतच नाहीत.

त्याची हुलकावणी मी जुन्या, दाणेदार चित्रफितींमध्ये पुन्हा पुन्हा बघते. उजव्या रेषेजवळ चेंडू येतो. तो थांबतो. पूर्ण थांबतो, आणि हेच आधी समजत नाही, कारण धावत्या खेळात असं कुणी थांबत नाही. समोरचा बचावपटूही थांबतो, गुडघ्यात वाकतो. मग गॅरिंचाचं सगळं अंग डावीकडं पडतं, खांदा, कंबर, सगळं, आता पडणार असं वाटावं इतकं. बचावपटू तिकडं झेप घेतो. चेंडू मात्र जागचा हललेलाच नसतो. दोघांच्या मध्ये शांत पडलेला असतो. अंग परत येतं, बचावपटू परत येतो. पुन्हा डावीकडं. आणि मग एका क्षणात तो उजवीकडून निघून गेलेला असतो. बहुतेक वेळा उजवीकडूनच. हे सगळ्या ब्राझीलला ठाऊक होतं, समोरच्याला ठाऊक होतं, त्या समोरच्याच्या प्रशिक्षकानं आदल्या रात्री फळ्यावर काढून दाखवलेलं असायचं. तरी तो उजवीकडूनच जायचा आणि समोरचा डावीकडंच पडायचा. पुष्कळदा एकाला चकवून झालं की तो थांबायचा, त्याला उठू द्यायचा आणि परत चकवायचा. प्रेक्षक हसायचे. फुटबॉलच्या मैदानावर लाखभर माणसं एकदम हसतात, हे दुसऱ्या कुठल्या खेळाडूबद्दल मी वाचलेलं नाही. हसण्यात कुचेष्टा नव्हती. उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तीच गोष्ट दरवेळी नव्यानं घडत होती, त्याचं ते हसू होतं.

१९५८ च्या स्वीडनमधल्या वर्ल्ड कपला ब्राझीलनं बरोबर एक मानसशास्त्रज्ञ नेला होता, जोआंव कार्व्हालायस. त्यानं खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या. गॅरिंचाला १२३ पैकी ३८ गुण पडले. असल्या दबावाच्या सामन्यांना हा लायक नाही, असा शेरा. सतरा वर्षांच्या पेलेलाही त्यानं पोरकट ठरवलं होतं. पहिल्या दोन सामन्यांत दोघंही बाहेर बसले. तिसरा सामना १५ जूनला, गोथेनबर्गमध्ये, सोव्हिएत संघाशी. गोलात लेव्ह याशिन. सामना सुरू झाला आणि चेंडू थेट उजवीकडं, गॅरिंचाकडं. त्यानं बचावपटूंना चकवत आत घुसून मारलेला फटका खांबावर. लगेच पेलेचा फटका आडव्या दांडीवर. तिसऱ्या मिनिटाला गोल, ब्राझीलच्या आघाडीला खेळणाऱ्या 'व्हावा' नावाच्या खेळाडूचा. गाब्रिएल हानो या फ्रेंच क्रीडापत्रकारानं त्या सुरुवातीला फुटबॉलच्या इतिहासातली सर्वांत थोर तीन मिनिटं म्हटलं. मला त्या तीन मिनिटांत गोलापेक्षा तो खांबावरचा फटका आवडतो. अंतिम सामन्यात स्वीडननं आधी गोल केला, आणि मग गॅरिंचा दोनदा त्याच उजव्या रेषेवरून, जवळजवळ त्याच जागेवरून, तशाच पद्धतीनं आत शिरला आणि दोन्ही वेळा व्हावाला गोल करायला दिला. ५-२. ब्राझीलचा पहिला वर्ल्ड कप. स्पर्धा संपली हे त्याला खरंच वाटेना, रिओच्या लीगसारखी परतीची फेरी कशी नाही असं तो विचारत होता, असं त्याचे सहकारी सांगत. पेले आणि गॅरिंचा एकत्र खेळले असे ब्राझीलचे ४० सामने झाले. त्यातला एकही ब्राझील हरलं नाही.

त्याला साधा-भोळा म्हणण्याची एक पद्धत पडली आहे. मला ती खुपते. ज्याला भोळा म्हटलं की त्याच्याकडून कोऱ्या करारावर सही घेणं सोपं जातं. बोटाफोगोच्या कोऱ्या करारांवर तो सही करून द्यायचा आणि आकडा क्लबवाले भरायचे, ही गोष्ट ब्राझीलमध्ये गंमत म्हणून सांगितली जाते. मिळालेले पैसे घरात कुठंही पडलेले असायचे, गाद्यांखाली, कपाटामागं, काही नोटांना बुरशी लागलेली. गिरणीच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला पैशाचं काय करायचं असतं ते कुणी शिकवलेलंच नसतं. आठवड्याचा पगार आठवड्यात संपतो, उरत नाही, म्हणून साठवण्याची सवय पडत नाही. माझ्या आजोबांनी बँकेत पहिलं खातं उघडलं ते निवृत्त झाल्यावर. हा भोळेपणा नव्हे. वरच्या मजल्यावरच्या जगाचे व्यवहार खालपर्यंत कुणी पोचूच दिलेले नसतात.

मग १९६२. चिली.

दुसऱ्याच सामन्यात पेले जखमी झाला आणि स्पर्धेबाहेर गेला. ब्राझीलचं काय होणार अशी चर्चा सुरू झाली आणि हा माणूस, ज्याला फक्त उजवी रेषा येते असं सगळे धरून चालले होते, तो सगळीकडं खेळायला लागला. उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडविरुद्ध दोन गोल, त्यातला एक डोक्यानं, एवढ्याशा उंचीच्या माणसाचा, आणि दुसरा लांबून वळवून मारलेला. त्याच सामन्यात मैदानात घुसलेलं एक कुत्रं इंग्लंडच्या जिमी ग्रीव्हजनं रांगत जाऊन पकडलं होतं. गॅरिंचाला ते इतकं आवडलं की ते त्यानं ब्राझीलला नेलं. उपांत्य सामन्यात यजमान चिलीविरुद्ध पुन्हा दोन गोल, एक डाव्या पायानं, एक डोक्यानं. सबंध सामना लाथा खाल्ल्यावर शेवटी त्यानंही एक लाथ मारली आणि त्याला बाहेर काढलं गेलं. बाहेर जाताना प्रेक्षकांतून आलेल्या वस्तूनं डोकं फुटलं. अंतिम सामना तो खेळू शकेल का, यासाठी ब्राझीलचे पंतप्रधान तांक्रेदो नेव्हेस यांच्यापर्यंत हालचाली झाल्या. तो खेळला, अंगात ताप असताना. ३-१. दुसरा वर्ल्ड कप. एकट्याच्या जिवावर स्पर्धा जिंकणं म्हणजे काय, हे विचारलं की लोक १९८६ चा मॅराडोना सांगतात. वडील ठासून १९६२ सांगायचे, आणि या बाबतीत मी वडिलांच्या बाजूची आहे.

त्या दिवसांत चिलीच्या 'एल मेर्कुरियो' या वर्तमानपत्रानं मथळा दिला: गॅरिंचा कुठल्या ग्रहावरून आला?

हाच प्रश्न त्याच्या काही वर्षं आधी रिओमध्ये एका मुलीला विचारला गेला होता. रेडिओवर नवख्या गायकांची स्पर्धा होती, घेणारा आरी बारोझो, ब्राझीलचा नावाजलेला संगीतकार. आजारी बाळाच्या औषधाला पैसे हवेत म्हणून एक कोवळी, हडकुळी आई तिथं उभी राहिली. अंगात तिच्या आईचा ढगळ पोशाख, मापाला बसावा म्हणून जागोजागी सेफ्टी पिना टोचलेला. लोक खदखदून हसले. बारोझोनं विचारलं, मुली, तू कुठल्या ग्रहावरून आलीस? ती म्हणाली, तुम्ही आलात त्याच ग्रहावरून, भुकेच्या ग्रहावरून. सगळे गप्प झाले आणि मग ती गायली. एल्झा सोआरेस. रिओच्या झोपडपट्टीतली, आई लोकांचे कपडे धुणारी, स्वतःचं लग्न तेरा-चौदाच्या आतबाहेर लावून दिलेलं, एक मूल भुकेनं गेलेलं. पुढं सांबाची मोठी गायिका झाली, आणि १९६२ मध्ये ब्राझीलच्या संघाबरोबर चिलीत होती. त्याच सुमारास गॅरिंचा तिच्या प्रेमात पडला.

एल मेर्कुरियोच्या प्रश्नाचं उत्तर तिनं आधीच देऊन ठेवलेलं होतं. दोघं एकाच ग्रहावरचे.

इथून पुढची गोष्ट मामांनी सांगितली नाही. गॅरिंचाला गावाकडं बायको होती, नायर, गिरणीतलीच मुलगी, आणि आठ मुली. त्यांना सोडून तो एल्झाबरोबर राहायला लागला. त्या आठ मुलींचं आणि त्यांच्या आईचं काय झालं असेल याचा विचार मी या गोष्टीत बाजूला ठेवू शकत नाही, आणि कुणी ठेवावा असंही मला वाटत नाही. पण लोकांचा सगळा राग गेला कुणावर, तर एल्झावर. तिच्या घरावर दगड पडले, तिला शिव्यांची पत्रं आली. सोडून गेलेला पुरुष लोकांचा लाडका होता, म्हणून दोष बाईचा. हे समजायला ब्राझीलपर्यंत जायची गरज नाही.

पाय तोवर संपत आले होते. ज्या वाकडेपणामुळं समोरच्याला त्याचा अंदाज येत नव्हता तोच वाकडेपणा गुडघे आतून झिजवत होता. बोटाफोगो त्याला घेऊन जगभर प्रदर्शनी सामने खेळत हिंडे, कारण लोक पैसे मोजत ते गॅरिंचाला बघायला. गुडघा सुजला की इंजेक्शन, की मैदानात. डिसेंबर १९६२ मध्ये रिओच्या लीगच्या निर्णायक सामन्यात त्यानं फ्लामेंगोची दाणादाण उडवली, ३-० मधले दोन गोल त्याचे. तो त्याचा शेवटचा खरा मोठा सामना, असं जाणकार मानतात. वय २९. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली ती १९६४ मध्ये. १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये तो हंगेरीविरुद्ध खेळला, ब्राझील १-३ हरलं. ब्राझीलकडून पन्नास सामने, आणि त्यातला हा एकच पराभव, शेवटचा. पुढं कोरिंथियन्स, फ्लामेंगो, ओलारिया. नावं कमी कमी होत गेली आणि पोट सुटत गेलं. वाकड्या पायांनी जग जिंकलं हे खरं. पण त्या पायांची किंमत त्या पायांनीच चुकवली आणि ज्यांनी तिकिटं विकली त्यांनी काही चुकवलं नाही, हेही तितकंच खरं.

१९६९ च्या एप्रिलमध्ये तो गाडी चालवत होता. गाडीची ट्रकशी टक्कर झाली आणि एल्झाची आई त्यात गेली. त्यानंतर तो कधी पूर्ण सावरला नाही. देशात लष्करी राजवट होती. त्यांच्या रिओतल्या घरावर गोळीबार झाला आणि दोघं काही काळ इटलीत जाऊन राहिले. तो पीत राहिला. एल्झानं त्याची दारू सोडवायला जे जे करता येईल ते केलं, आणि तो तिला मारायचा. हे मी दोन-तीनदा वेगवेगळ्या ठिकाणी वाचलं तेव्हा दरवेळी पुस्तक बाजूला ठेवावं लागलं. वडिलांच्या तोंडचं हसू, लाखभर माणसांचं ते एकदम हसणं आणि हे, दोन्ही एकाच माणसाचं आहे. दारू होती, दुखणं होतं, घसरण होती, सगळं मान्य, पण मार खाणारीच्या अंगावर त्यानं काही फरक पडत नाही. त्यांना एक मुलगा झाला. १९७७ मध्ये एल्झा त्याला सोडून गेली. बरं केलं.

१९ डिसेंबर १९७३ ला माराकाना स्टेडियमवर त्याच्यासाठी निरोपाचा सामना झाला होता. सामना मुळात त्याला पैसे मिळावेत म्हणून. १ लाख ३१ हजारांवर लोक आले. चाळिशीचा, जड झालेला गॅरिंचा पहिल्या सत्रात खेळला. मग खेळ थांबवला गेला, त्यानं मैदानाला फेरी मारली आणि तो बोगद्यातून आत गेला. एवढ्या लोकांनी त्या रात्री टाळ्या वाजवल्या, त्यातल्या पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी असणार, आणि ते खरंच असणार. लोकांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण प्रेम करणाऱ्या सव्वा लाख माणसांकडून सव्वा लाख तिकिटांपलीकडं त्या माणसाला काय मिळालं, हा हिशेब मला सुटत नाही. आनंद घ्यायला सगळे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दारूच्या गुत्त्यापासून त्याला घरी आणायला कोण होतं? ती एक बाई, जिला यातल्याच अनेकांनी शिव्या घातल्या होत्या.

१९८० च्या कार्निव्हलमध्ये रिओतल्या मांगेइराच्या सांबा मंडळानं त्याला रथावर बसवलं. आजारी, औषधांच्या गुंगीत, समोर काय चाललंय याचा पत्ता नसलेला माणूस, आणि भोवती ढोल, रंग, नाच. लोकांना तो बघायचा होता, म्हणून आणून बसवला. मला तर १९७३ च्या सामन्यापेक्षा हा प्रसंग जास्त बोलका वाटतो. २० जानेवारी १९८३ ला तो रिओच्या एका इस्पितळात गेला. यकृत संपलेलं होतं. वय ४९. पार्थिव माराकानात ठेवलं आणि तिथून अग्निशमन दलाच्या गाडीवरून पाऊ ग्रांदेला नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं होती. जवळच्याच राइझ दा सेर्रा इथल्या दफनभूमीत त्याला पुरलं आणि वर दगडावर कोरलं की लोकांचा जो आनंद होता तो माने गॅरिंचा इथं विसावला आहे. ('माने' हे मानुएलचं लाडकं रूप.)

२०१७ मध्ये माजे नगरपालिकेला (पाऊ ग्रांदे तिच्याच हद्दीत येतं) कबूल करावं लागलं की त्याची हाडं नक्की कुठं आहेत ते सांगता येत नाही. मधल्या काळात कधीतरी ती उकरून हलवली होती, आणि कुठं ठेवली याची नीट नोंद नव्हती. तिकडं राजधानी ब्राझिलियात त्याच्या नावाचं राष्ट्रीय स्टेडियम उभं आहे. २०१४ च्या वर्ल्ड कपसाठी ते पाडून नव्यानं बांधलं, जगातल्या सर्वांत महागड्या स्टेडियमांमध्ये त्याची गणना होते, आणि त्या बांधकामातल्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणात माजी राज्यपालांना अटक झाली तीही २०१७ मध्येच. कोऱ्या कागदावर सही करणाऱ्या माणसाचं नाव त्या सगळ्या फायलींवर छापलेलं असणार.

त्या दिवशी पायरीवर बसलेल्या पोराला यातलं किती सांगायचं? मला वाटतं, बारा वर्षांच्या पोराला बरंचसं सांगता येतं. गुडघे दुखायला लागले की दडवू नकोस. इंजेक्शन देऊन खेळवणारा आपला नसतो. कागद वाचल्याशिवाय सही करू नकोस, वाचता येत नसेल तर वाचून घे. आणि हो, चेंडूजवळ पूर्ण थांब, अंग डावीकडं पडू दे आणि उजवीकडून नीघ. हे शेवटचं मामा माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील. पोराचं नाव मला ठाऊक नाही, पण तो कुठल्या ना कुठल्या तालमीच्या पोरांत खेळत असणारच, कोल्हापुरात चेंडू पायाला चिकटणारं पोरगं लपून राहत नाही.

एल्झाला त्या रेडिओ केंद्रावरचं उत्तर शेवटपर्यंत पुरलं. मुलगा नऊ वर्षांचा असताना अपघातात गेला. ती मोडली, मधे काही वर्षं जवळजवळ विसरली गेली, पण परत उभी राहिली, म्हातारपणी तर तरुण पोरापोरींच्या पिढीनं तिला डोक्यावर घेतलं. मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी ती मंचावरून उघड गायली, हात उगारणाऱ्याला बजावत. २०१९ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, तिनं आपल्या अल्बमला नाव दिलं 'भुकेचा ग्रह', आणि पोशाखाला जागोजागी लावलेल्या त्या पिनांची आठवण तिनं स्वतःच अभिमानानं सांगितली. त्याच्याबद्दल विचारलं की ती कडवटपणे बोलायची नाही. आयुष्यातलं मोठं प्रेम तेच होतं, असं म्हणायची, आणि मारही लपवायची नाही. ती गेली २० जानेवारी २०२२ ला. तारीख तीच, मधे ३९ वर्षं. त्याच आठवड्यात ती साओ पाउलोच्या नाट्यगृहात नव्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करून आली होती, खुर्चीत बसून, कारण पाठीच्या दुखण्यानं उभं राहता येत नव्हतं, आणि आवाज अजून तोच होता, खरखरीत आणि भरदार.